सोबोकु

नमस्कार मंडळी, आज एकाच जपानी शब्दाबद्दल बोलणार आहे मी, तो शब्द म्हणजे सोबोकु. साधंसुधं असा अर्थ सांगता येतो, पण मला तो अपुरा वाटतो. यातल्या 'सो'चा मूळ अर्थ रंग न चढवलेलं कोरं रेशीम आणि 'बोकु' म्हणजे ज्याला अजून कोणी तासलेलं नाही असं लाकूड, म्हणजे बघा, वर काही चढवलं नाही आणि आतलं काही काढलंही नाही.

जपानी लोक हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. नुसतं उकडलेलं रताळं खाऊन म्हणतील सोबोकु ना आजी, आजी म्हणजे चव हं. मनात आलेला अगदी साधा प्रश्न असला की सोबोकु ना गिमोन. माणसालाही म्हणतात, ज्याच्या वागण्याबोलण्यात काही आव नसतो अशा.

पण मला हा शब्द खरा कळला तो ओन्ताच्या भांड्यांमुळे. क्युशू बेटावर डोंगरात हे कुंभारांचं छोटंसं गाव आहे, 1705 पासून तिथे भांडी होतात, चाक अजून पायाने फिरवतात, माती तिथल्याच डोंगरातली, आणि कुंभार भांड्यावर स्वतःचं नाव घालत नाही, फक्त गावाचं. यानागी सोएत्सु 1931 साली तिथे गेले आणि भारावून गेले. हेच ते गृहस्थ ज्यांनी 1925 मध्ये मित्रांबरोबर 'मिंगेई' म्हणजे लोककला हा शब्द घडवला आणि 1936 मध्ये टोकियोत त्यासाठी म्युझियमच उभं केलं. त्यांचं म्हणणं मला फार पटतं, की रोजच्या वापरासाठी, सुंदर दिसायचा हट्ट न धरता केलेल्या वस्तूत एक वेगळंच सौंदर्य उतरतं. मुद्दाम साधेपणा आणायला गेलं की तो गेलाच!

आणि रेडिओवर सांगायलाच हवं ते म्हणजे तिथला आवाज. ओढ्याकाठी जाड ओंडक्यांची उखळं आहेत, काराउसु म्हणतात त्यांना, एका टोकाच्या खोलगटात पाणी भरतं, ते टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि दुसरं टोक धप्पकन मातीवर आदळतं, मग परत पाणी भरायला लागतं. जपान सरकारने 1996 मध्ये देशातले जपण्यासारखे 100 आवाज निवडले त्यात हा आहे. ओढा काही थांबत नाही, त्यामुळे रात्री सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हाही अंधारात माती कुटली जात असते, धप्प... आणि जरा वेळाने परत धप्प.