खाडीच्या बाजूचा मृग

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय फोनच्या कॅमेऱ्याबद्दल. फोटोंबद्दल नाही हं. आपण कॅमेरा समोर धरतो, समोरचं जसंच्या तसं दिसतं आणि त्याच्यावर फोन आणखी काहीतरी दाखवतो, अशा ॲप्सबद्दल. याला म्हणतात ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर. हे नाव १९९०च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीतल्या टॉम कॉडेल यांनी दिलं. विमानात वायरींचे जुडगे बसवणाऱ्या कामगारांना सारखं नकाशात बघायला लागायचं. कुठली वायर कुठे जाते ते कामगाराच्या डोळ्यांपुढेच दिसावं, अशी ती कल्पना होती. म्हणजे हे नाव मुळात हातानं काम करणाऱ्या माणसासाठी निघालं. मला ही गोष्ट फार आवडते.

आपल्याकडे बहुतेकांना एआर पहिल्यांदा दिसलं ते २०१६मध्ये, पोकेमॉन गो या खेळामुळे. आमच्या ठाण्यात तलावपाळीवर मुलं फोन पुढे धरून चालायची. तेव्हाही मला वाटायचं आणि आजही वाटतं, की चालताना फोन डोळ्यांपुढे धरू नये. थांबा, बघा, फोन खाली करा, मग चाला. आपल्या पदपथांवरची उघडी झाकणं कुठलंच ॲप दाखवत नाही.

उपयोगाची ॲप्स घरात बसल्या बसल्या वापरता येतात. फर्निचर विकणाऱ्या ॲप्समध्ये 'तुमच्या खोलीत बघा' असं बटण असतं. ते दाबलं की कपाट तुमच्या हॉलमध्ये खऱ्या मापाचं उभं राहतं. तुर्भ्याच्या आयकियात जायच्या आधी घरी एवढं करून बघा, सोफ्यावरून होणारे निम्मे वाद तिथेच मिटतील. आयफोनमध्ये २०१८पासून मोजमापाचं ॲप आहे. पडद्याचं कापड किती लागेल याचा अंदाज घ्यायला ते चांगलं. पण भिंतीतल्या कोनाड्यात कपाट बसवायचं असेल तर टेपच लावा. फोन दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे करतो, आणि सुतार तेवढ्यावरच अडतो. गूगल लेन्स तामिळ पाटीवर धरली की तिथेच मराठी अक्षरं उमटतात. रामेश्वरला निघालेल्यांनी ती जरूर घ्यावी. आणि फ्लाइटरडार२४ हे ॲप खिडकीतून विमानावर धरलं की ते कुठून आलं, कुठे चाललंय ते सांगतं. लहान मुलं त्यावर तासभर रमतात.

पण माझं सगळ्यात आवडतं ॲप आकाश दाखवणारं आहे. आणि त्याची गोष्ट सांगायची तर मला माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं.

आत्याचं सगळं आयुष्य मुरबाड तालुक्यात भातशेतीत गेलं. गुडघे दुखायला लागल्यावर ती आमच्याकडे नौपाड्यात आली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेआठच्या सुमारास, मी, माझा मुलगा आणि आत्या गच्चीवर गेलो. गच्चीची किल्ली मागून आणायला लागली. हे मला मनापासून खटकतं. गच्ची सगळ्यांची, मग तिला कुलूप कशाला? मुलांना आकाश बघायला दुसरी जागा आहे का शहरात? असो.

मुलानं फोनवर स्काय मॅप उघडलं. फोन आकाशाकडे धरायचा, त्या दिशेला जे तारे असतील ते नावासकट पडद्यावर येतात. तो म्हणाला, "आत्याआजी, तुझा मृग सापडला. तो बघ, तिकडे." आणि त्यानं बोट दाखवलं पश्चिमेकडे, येऊरच्या डोंगरावर.

आत्या खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तिकडं कसा असंल? पुसात या येळंला मृग खाडीच्या अंगाला असतो. मान वर कर नि मागं बघ."

आम्ही मागे वळलो. पूर्वेला, खाडीच्या बाजूला, इमारतींच्या बराच वर, चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मध्ये ओळीतले तीन. मृग! खाली टॉवरचे झगझगीत दिवे, तरी स्पष्ट दिसत होता. ते मधले तीन म्हणजे बाण, आणि त्याच रेषेत खाली लखलखणारा तो व्याध. आत्यानं बसल्या जागेवरून एकेक दाखवलं. डोक्यावर कृत्तिका, त्याच्या खाली रोहिणी, मृगाच्या खांद्याशी तांबूस आर्द्रा. खळ्यावर भाताच्या राखणीला बसायचे ते दिवस. घड्याळ नव्हतं. मृग किती वर चढला त्यावरून रात्र किती उरली ते ओळखायचं.

मग फोन का चुकला? श्रोतेहो, हे नीट ऐका, कारण हे तुमच्याही बाबतीत होईल. ही ॲप्स तारे बघून ओळखत नाहीत. तुम्ही कुठे आहात ते फोनला जीपीएसवरून कळतं, वेळ त्याला माहीत असते, आणि फोनचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आतलं होकायंत्र सांगतं. माझ्या फोनच्या कव्हरला पुस्तकासारखं झाकण होतं आणि ते बंद करायला लोहचुंबक. होकायंत्राशेजारीच लोहचुंबक! कव्हर काढलं, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीपासून लांब गेलो, फोन हवेत आडव्या आठच्या आकड्यासारखा तीन-चार वेळा फिरवला. पडद्यावरचा मृग सरकत सरकत आला आणि खऱ्या मृगावर बसला. आत्या म्हणाली, "आता बराबर."

तेव्हा चुंबकाचं कव्हर काढा, लोखंडापासून लांब उभे राहा, आठचा आकडा फिरवा. आणि चंद्र असेल तर आधी चंद्र बघा. पडद्यावरचा चंद्र खऱ्या चंद्रावर बसला, की बाकीच्या आकाशावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. मुलानं विचारलं, "आजी, मृग तर जूनमध्ये लागतो ना? मग जानेवारीत कसा दिसतोय?" मला उत्तर सुचेना. आत्या म्हणाली, "अरे, लागतो तवा दिसत न्हाई. सूर्व्या त्याच्यात जाऊन बसतो." मुलानं ॲपमध्ये तारीख बदलली. आठ जून, दुपारचे साडेबारा. पडद्यावर सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि त्याच्या खालच्या अंगाला तेच चार तारे, तोच बाण. उजेडात बुडालेला, कुणालाच न दिसणारा मृग. आम्ही दोघं बघतच राहिलो. पंचांगात दरवर्षी वाचते मी, 'सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश', पण तो प्रवेश म्हणजे काय ते त्या रात्री डोळ्यांना दिसलं. मार्गशीर्षाचं नावही इथलंच, त्या महिन्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ असते. आपल्या शाळांत हे फळ्यावर नको, असं गच्चीवर शिकवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

वेळ संपत आली. स्काय मॅप अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवाल्यांनी स्टेलॅरियम घ्यावं. ते दोन्हींवर चालतं. फोनचा उजेड कमी करा, ॲपमधला रात्रीचा लाल रंग चालू करा, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहतात. आणि पुन्हा सांगते, चुंबकाचं कव्हर काढा.

आत्याला आता दोन जिने चढवत नाहीत. पण या ॲपला छत आड येत नाही. रात्री जेवण झालं की ती पलंगावर पडून फोन पंख्याकडे धरते आणि स्लॅबच्या पलीकडचा मृग बघते. मग फोन जमिनीकडे वळवते. तिथे, आमच्या फरशीखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला सूर्य असतो. तो किती खाली आहे ते बघून ती आम्हाला सांगते, अजून बरीच रात्र आहे, झोपा.

नमस्कार.