पन्नास मजूर, हजार शिपाई

नमस्कार श्रोतेहो. कूळ, खंड, बेदखली हे शब्द तुम्हाला सांगायला नकोत. आज ते घेऊन जायचंय आयर्लंडला, मेयो परगण्यात. साल १८८०.

आदल्या वर्षी पीक बुडालेलं. खंड मात्र मे आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा. थकला की माणसं बाहेर आणि छप्पर जमिनीवर, रात्री कुणी परत शिरायला नको. लँड लीग ही कुळांची संघटना उभी करणारे मायकल डेव्हिट चार वर्षांचे होते, तेव्हा त्यांचं घर असंच गेलं.

तर लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट. हो, तोच! कुळं म्हणाली, शेकडा २५ सूट द्या. मालक म्हणाले, १०. सप्टेंबरात नोटिसा वाटायला माणूस निघाला, त्याला बायकांनी चिखल-शेण मारून पिटाळलं. पुढे मारामारी नाही. गड्यांनी काम सोडलं, धोबिणीनं कपडे, लोहारानं नाल, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी उधारीच काय, रोखीनंही माल देणं सोडलं.

(आपल्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं १८७४ मध्ये सावकाराशी हेच केलं होतं. त्याची हजामत बंद, पाणी भरणं बंद. सहा वर्षं आधी, बरं का! नाव ठेवायचं तेवढं राहिलं. आता मोबाइलवर अंगठा दाबून 'बॉयकॉट' करणाऱ्यांनी एकदा करड्याला जाऊन यावं.)

शेतात बटाटे, सलगम तसेच. मग उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास मजूर आले. किती? पन्नास. आणि त्यांच्या राखणीला शिपाई नि पोलीस मिळून हजारभर! पीक सुमारे ५०० पौंडांचं, खर्च १०,००० पौंडांच्या घरात. आपल्याकडे याला चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात. तिथे कोंबडीही चार आण्यांची नव्हती.

हा शब्द काढला तिथले पाद्री फादर ओमॅली यांनी. 'वाळीत टाकणं' याला असलेला जड इंग्रजी शब्द आमच्या शेतकऱ्यांच्या जिभेवर बसायचा नाही, म्हणाले, त्यापेक्षा सरळ 'बॉयकॉट' म्हणू.

आणि या फादरांचीच गोष्ट सांगायला मी आज आलोय. नोव्हेंबर सरत आला, पलटण परत निघाली. फादरांनी गावाला बजावलेलं, रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. दगड नको, शिवी नको, बघायलासुद्धा नको. स्वतः पुढे चालत निघाले. रस्ता रिकामा. फक्त एका भिंतीला टेकून एक म्हातारी उभी. मागून घोडे, बंदुका, सगळा लवाजमा येतोय. फादर थांबले, छत्री रोखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिच्यावर डाफरले, "काय गं, सांगितलं नव्हतं का, इंग्रजांच्या फौजेला त्रास द्यायचा नाही म्हणून? बिचाऱ्यांना घाबरवतेस? चल, घरी जा!"