एक रेपॉझिटरी की अनेक?

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात वाढलेले कितीतरी मराठी तरुण आज शहरातील छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतात. अशा कंपनीत काउंटरवरचे बिल, घरपोच मागणीचे ॲप आणि करविवरणपत्र ही तिन्ही उत्पादने बहुधा एकच टीम सांभाळते, आणि जीएसटी मोजणारे मॉड्यूल, म्हणजे कोडचा स्वतंत्र भाग, तिन्हींना लागते. ते मॉड्यूल बदलले की बाकीच्या दुरुस्त्या कोणी आणि केव्हा करायच्या, हे बऱ्याच अंशी ते कोणत्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, ठेवले आहे यावर ठरते.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले आणि ५ व १८ टक्के हे दोन मुख्य टप्पे उरले. अशा वेळी मॉड्यूल स्वतंत्र रेपॉझिटरीत असेल, तर त्याची नवी आवृत्ती काढावी लागते आणि मग प्रत्येक उत्पादनात ती आठवणीने घ्यावी लागते. एखादे उत्पादन मागे राहिले, तर त्याच दुकानाचे काउंटरवरचे बिल नव्या दराने आणि ॲपवरचे जुन्या दराने निघते. सगळा कोड एकत्र असेल, तर मॉड्यूल आणि ते वापरणारा कोड एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या एकाच बदलात, बदलतो, आणि काही बिघडले असल्यास चांगल्या टेस्ट ते तिथेच दाखवतात. ग्राहकापर्यंत नवा कोड पोहोचवण्याचे काम अर्थात तरीही उरतेच.

एकत्र ठेवण्याचीही किंमत असते. गूगलच्या एका रेपॉझिटरीत २०१५ च्या सुरुवातीला सुमारे २ अब्ज ओळी होत्या, आणि त्यासाठी कंपनीला पायपर ही स्वतःची प्रणाली उभारावी लागली. छोट्या टीमला हा भार सहसा जाणवत नाही; तिची खरी अडचण परवानगीची असते. रेपॉझिटरी सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत वाचण्याची परवानगी फोल्डरनिहाय देता येत नाही, त्यामुळे एखाद्या ग्राहकाला फक्त एकच मॉड्यूल दाखवायचे असेल, तर ते वेगळे काढण्यावाचून इलाज नाही.

असे कारण नसेल, तर छोट्या टीमने एकत्रच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकत्र ठेवलेली मॉड्यूल स्वतंत्रपणे प्रसिद्धही करता येतात: बॅबेल या जावास्क्रिप्ट प्रकल्पाची अनेक पॅकेजेस एकाच रेपॉझिटरीत राहतात आणि एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या ऑनलाइन संग्रहात मात्र वेगवेगळी मिळतात. पुढे विभागणी करावीच लागली, तर गिटच्या सबट्री स्प्लिट या कमांडने एका फोल्डरचा इतिहास वेगळा काढून नव्या रेपॉझिटरीत नेता येतो.