काट्यावरचा हात

(दृश्य: पहाट. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगचा आवार. बैलबंड्या, पिकअप, ट्रॅक्टरांची रांग.)

दिवाळी आटोपली की कापसातली सरकी काढायच्या या कारखान्याचा आवार पांढरा व्हायला लागतो. कापूस काट्यावर चढतो, वजन पडतं, पावती फाडली जाते. आत चार टेबलं, चार संगणक आणि सगळ्यांत मिळून एकच फाइल, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये बनवलेली. काटेवाला तीत वजन भरतो, ग्रेडर ओलावा आणि प्रत भरतो, मुनीमजी चुकारे, म्हणजे कापसाचे द्यायचे पैसे, काढतात, संस्थेच्या सचिवांना रोजचा गोषवारा हवा असतो.

मागच्या एका हंगामातली गोष्ट. याच पडद्यावर एका बैलबंडीतल्या कापसाचं वजन दिसलं 212 क्विंटल.

(दृश्य: चुरगळलेली वजनपावती, जवळून.)

पावतीवर आकडा होता 6.40. मुनीमजी आधी हसले. "हत्ती जुंपले होते का बंडीले?" मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये. त्या भावानं 6.40 चे होतात 48,134 आणि 212 चे 15 लाख 94 हजारांच्या वर. हसू तिथंच थांबलं.

आकडा कोणी बदलला? काटेवाला म्हणे मी नाही, ग्रेडर म्हणे मी नाही. फाइलला विचारून उपयोग नव्हता, कारण चारही टेबलांवर एकच नाव आणि एकच पासवर्ड. तो पासवर्ड कालनिर्णयाच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला.

उलगडा दोन दिवसांनी झाला. 212 हा एका सभासदाचा क्रमांक. तो खिडकीशी आला असणार, "माया चुकारा निघाला का?" म्हणून. कोणीतरी त्याचं खातं शोधायला क्रमांक टाकला, पण शोधायच्या चौकटीत न टाकता, कर्सर उभा होता त्या वजनाच्या रकान्यात टाकला. ॲक्सेस अशा वेळी "जतन करू का?" असं विचारत नाही. तुम्ही पुढच्या नोंदीवर गेलात की मागची जतन झालीच.

म्हणजे चोर कोणीच नव्हता. मला मात्र या गोष्टीत वेगळ्याच आकड्याची धास्ती वाटते. 212 दिसलं म्हणून सापडलं. खिडकीशी सात नंबरचा सभासद आला असता तर? 6.40 चे 7 झाले असते. साडेचार हजारांचा फरक, आणि कोणाच्या बापालाही कळलं नसतं.

(दृश्य: तालुक्याहून आलेला संगणकवाला पोरगा. टेबलाखाली वायर.)

पोरानं पहिल्यांदा फाइलचे दोन भाग केले. नोंदींचा साठा एका संगणकावर, आणि प्रत्येक टेबलावर फक्त फॉर्मांची आपापली प्रत. नको ते मेनू लपवले. काटेवाल्यानंच दुसऱ्या दिवशी दाखवलं, शिफ्ट दाबून फाइल उघडली की सगळे मेनू परत हजर. फाइलला पासवर्ड लावला, तर तो पुन्हा सगळ्यांना एकच. 2007 साली आलेल्या नव्या प्रकारच्या ॲक्सेस फाइलीत माणसागणिक हक्क वाटायची सोयच राहिली नाही. आणि ज्याला नोंद करायची त्याला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यावीच लागते. ती मिळाली की तो अख्खी फाइल पुसूही शकतो.

तेव्हा साठा सर्व्हरवर न्यावा लागला. एसक्यूएल सर्व्हर या साठा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट मिळते. खर्च झाला तो इन्व्हर्टरचा, कारण इथली लाइन कधी जाईल ते महादेवालाही ठाऊक नाही. फॉर्म ॲक्सेसचेच राहिले, पण आता सर्व्हर प्रत्येकाला नावानं ओळखतो. काटेवाला नवी नोंद घालू शकतो, जुनी बदलू शकत नाही. ग्रेडरला दोनच रकाने उघडे, ओलावा आणि प्रत. तेही काही लहान काम नाही. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमाच्या, खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. मुनीमजींना सगळं दिसतं, वजनाला मात्र हात लागत नाही.

(दृश्य: सातबाऱ्याचा उतारा. कंसातलं एक नाव.)

मग चूक झालीच तर? ते या गावाला शिकवावं लागलं नाही. सातबाऱ्यावरचं जुनं नाव कोणी खोडरबरानं खोडत नाही, त्याला कंस होतो. तलाठी फेरफार लिहितो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. इथंही तसंच ठरलं. चुकलेली नोंद जागेवर राहते, खाली दुरुस्तीची नोंद पडते, कारणासकट, आणि सचिवांनी मंजूर केल्यावरच ती चुकाऱ्यात धरली जाते.

सचिवांना आधी हे रुचलं नव्हतं. त्यांचाही थेट बदलायचा हक्क गेला होता. "म्हणजे मायावर भरोसा नाही?" काटेवाला म्हातारा दारातूनच बोलला, "साहेब, गोदामाले कुलूप लावतो आपण. चौकीदाराले राग येते का?"

सगळे हक्क असलेला एकच पासवर्ड आता पाकिटात बंद आहे, तिजोरीत. हंगामी पोरांची लॉगिन सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेच्या, सुमारास उघडतात आणि उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की बंद होतात. आधी दोन वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेलेल्या पोरालाही भिंतीवरचा तो पासवर्ड पाठ होता.

(दृश्य: काट्याची खोली. दुपार.)

आज काटेवाल्याच्या हातून 9.80 च्या जागी 8.90 पडलं. पूर्वी त्यानं बोटासरशी नीट केलं असतं. आता तो दुरुस्तीचा फॉर्म उघडतो, कारणाच्या रकान्यात "आकडे उलटे पडले" असं लिहितो आणि सचिवांना हाक मारतो. सचिव जेवायला बसलेत. पावतीवाली बाई काट्याच्या दांडीला टेकून उभी आहे. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो, एकदा, मग पुन्हा एकदा.

"आले, आले," आतून आवाज येतो. "हात तं धुऊ द्या बाप्पा!"