खाल्लेल्या पानांची बाग

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या दारातल्या किंवा गॅलरीतल्या कढीलिंबाच्या पानावर पाखरू शिटल्यासारखा काळपट-पांढरा डाग दिसला, तर पुसायच्या आधी जरा वाकून बघा. डाग जागचा सरकला, पानाची कड कुरतडू लागला, तर ती अळी आहे. लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची. लहानपणी ती अशीच दिसते आणि त्यामुळेच वाचते, कारण बुलबुल शीट खात नाही. शेवटची कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. हलक्या फुंकरीनंही ती चवताळते आणि डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते. त्यांना उग्र वास असतो. मुंग्या आणि छोटे शत्रू त्यानं मागे हटतात. माणसाला काही होत नाही, मुलांना खुशाल दाखवा.

हे सगळं एका कुंडीत घडतं, आणि आपण त्याच कुंडीवर औषध फवारतो, पानं खाल्ली म्हणून. मी चिपळूणला राहते, घरामागं थोडी परसबाग आहे. फुलपाखरं यावीत म्हणून काय लावू, असं मला खूप जण विचारतात, आणि त्यांच्या मनात बहुतेक वेळा फुलं असतात. फुलं लावाच. पेंटास, एक्झोरा, सदाफुली, झेंडू, निळ्या तुऱ्यांची जमैकन स्पाइक, आणि मंजिऱ्या आलेली तुळस. पण फुलावर फुलपाखरू येतं, पितं आणि जातं. ते राहायला येतं पानावर. मादीला अंडी घालायला ठरावीकच झाड लागतं, कारण तिची अळी दुसरं काही खात नाही. ते झाड असेल आणि त्याची पानं खाल्ली जाणं तुम्हाला चालणार असेल, तरच फुलपाखराचा सगळा संसार तुमच्या डोळ्यांसमोर होतो.

अंडी घालायला आलेली मादी ओळखायची कशी? ती फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. झाडाभोवती खालून वर फिरते, एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान थोपटते, उडते, परत दुसऱ्यावर टेकते. तिला पायांनी चव कळते. हवं ते पान सापडलं की पोटाचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते आणि पुढं जाते. अशा वेळी कॅमेरा घेऊन तिच्या मागे पळू नका. त्याच झाडाजवळ थांबा, ती तिथंच घुटमळणार आहे.

आता कोणत्या झाडावर कोण, ते सांगते. कढीलिंब आणि लिंबावर वर सांगितलेली दोन, आणि नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनही. काळ्या पंखांवर निळ्या रंगाचे मोठे डाग असलेलं, पंख पसरले की दीडशे मिलिमीटरपर्यंत जाणारं हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्रानं आपलं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ते दिसतं आणि घराच्या लिंबावर अंडी घालायला त्याला मुळीच संकोच वाटत नाही.

कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोष आरशासारखा चकाकतो, त्याचा फोटो काढताना आपलंच प्रतिबिंब त्यात येतं, म्हणून कॅमेरा थोडा तिरका धरावा. कुंपणाच्या रुईवर प्लेन टायगर. रुईच्या चिकातली विषद्रव्यं त्याची अळी अंगात साठवते, म्हणून पुढं पक्षी त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, एरंडावर कॉमन कॅस्टर, उंच सरळ अशोकावर टेल्ड जे. आणि आमच्या कोकणात तर प्रत्येकाच्या दारात आंबा आहेच. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते, ती बघायला मी कितीही वेळ उभी राहीन. अंगाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या पिसांसारखे काटे पसरलेले, आणि पाठीवरून एक पिवळी रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बेतानं आडवी होते, की तिची रेघ आणि पानाची शीर एक होऊन जाते. तुम्ही त्या पानाकडे रोखून बघत असता आणि तरी ती दिसत नाही.

बांडगुळावर कॉमन जेझबेल वाढतं, पिवळ्या-लाल ठिपक्यांचं देखणं फुलपाखरू. हापूसच्या कलमावरचं बांडगूळ काढायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण गडग्यावरच्या एखाद्या रानझाडावर असेल तर राहू द्या.

ज्यांच्याकडे फक्त एक कुंडी ठेवायला जागा आहे, त्यांनी पानफुटी लावावी. कोपऱ्यात, थोड्या सावलीतही येते. तिच्यावर रेड पिएरो येतं, नखापेक्षा थोडं मोठं, काळं-पांढरं, मागच्या पंखांवर नारिंगी रंग फासलेलं. त्याची अळी पान बाहेरून खात नाही. पानफुटीचं पान जाड असतं, ती त्याच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि आतून गर खात जाते. पान उजेडाकडे धरून बघितलं की आत तिची सावली आणि काळी लेंडी दिसते. असा फोटो काढायला सूर्य पानाच्या मागे हवा, एवढंच. भारी कॅमेरा लागत नाही.

फोटोविषयी आता सविस्तर बोलते, कारण हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फुलपाखराचं अंग थंड असतं तोवर त्याला नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ऊन आल्यावर ते पंख पसरून पानावर ऊन खात बसतं. आठ ते साडेनऊ ही वेळ सर्वांत चांगली. दुपारी बारा वाजता त्यांच्यामागे धावण्यात काही अर्थ नाही. जवळ जाताना सावली त्याच्यावर पडू देऊ नका, अंगावर सावली आली की ते उडालंच. वरून झुकण्यापेक्षा बसून, त्याच्या उंचीवरून पुढं सरका. कॅमेरा पंखांना समांतर धरा, नाहीतर पंखाचं एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर येतं. नेम डोळ्यावर धरा. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ ८ ते एफ ११ च्या आसपास ठेवा आणि शटरचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागाहून जलद. फोनवर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची सोय, असेल तर ती, नसेल तर दोन पावलं मागे राहून झूम करा, आणि एकाच वेळी अनेक फोटो घ्या.

दोन बाजू टिपा, पंख उघडे आणि पंख मिटलेले. छोट्या निळ्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरून पटते. वरून ती सगळी निळीच. वालाच्या मांडवाखाली फिरणारं पी ब्लू याचं चांगलं उदाहरण. त्याची अळी शेंगेत असते, शेंगा निवडताना ती आपल्याला सापडतेच.

आणि बारीक बघायची सवय लागली की फसवणूक उघडी पडायला लागते. कॉमन रोझ हे फुलपाखरू विषारी वेलीवर, ईश्वरीवर वाढतं. पक्षी ते खात नाहीत. कॉमन मॉरमॉनची मादी अगदी बिनविषारी, पण तिच्या पंखांवर बऱ्याचदा हुबेहूब कॉमन रोझचं सोंग असतं. फोटोत धड बघा. रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. तसंच प्लेन टायगरचं सोंग डॅनेड एगफ्लायची मादी घेते. तिचा नर तर तिच्यासारखा मुळीच दिसत नाही, काळा, त्यावर जांभळी झाक असलेले पांढरे डाग. अळी वाढते घोळाच्या भाजीवर. घोळ उपटताना म्हणूनच हात जरा आवरता घ्यावा.

भातशेती जवळ असेल तर संध्याकाळी घरात शिरणारं तपकिरी फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. ते इव्हनिंग ब्राउन. पावसात त्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीचे ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि ते नुसतं वाळकं पान दिसतं. सप्टेंबरातला आणि जानेवारीतला फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळी फुलपाखरं वाटतील. म्हणून फोटोला तारीख हवी.

आता पतंग. त्यांच्याकडे आपण फार अन्याय करून बघतो. भारतात फुलपाखरांच्या जाती १,३०० च्या वर, आणि पतंगांच्या १०,००० च्या वर. फुलपाखरांची गणती झाली, नावं झाली, पतंगांमध्ये अजून किती शिल्लक आहे! आणि ते आपोआप घरी येतात. रात्री दाराच्या दिव्याखाली भिंतीवर कोण बसलंय, ते झाडूनं झटकण्याआधी बघा.

ओळखायला मिशा बघायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी बहुतेक वेळा दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. रात्रीच सगळे पतंग येतात असंही नाही. दिवसा फुलासमोर हवेत थबकून लांब सोंडेनं मध पिणारा, पक्षी वाटणारा जीव हा पतंगच असतो, हॉकमॉथ. लिलीच्या कुंडीवर लाल-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचा लिली मॉथ बसतो, त्याच्या अळ्या लिली पार सपाट करतात. माझा सल्ला, एक कुंडी त्यांची समजा.

कण्हेर आणि तगरीवर ओलिअँडर हॉकमॉथची जाड हिरवी अळी सापडते, पुढच्या बाजूला निळे डोळे असलेली. ते खरे डोळे नाहीत, भीती घालायचं चित्र आहे. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी लाटांचा, इतका सुंदर की पहिल्यांदा बघणारा माणूस हा आपल्याकडचाच आहे का विचारतो. डेथ्स हेड हॉकमॉथ पाठीवर कवटीचं चित्र घेऊन फिरतो, मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो आणि पकडला तर चीं-चीं आवाज करतो. घाबरायचं काही कारण नाही, त्याला चावता येत नाही. आणि पावसाळ्यात दरवर्षी कुणाच्या तरी भिंतीवर ॲटलस मॉथ येतो, बातमीत छापला जातो. त्याला तोंडच नसल्यासारखं असतं. पतंग झाल्यावर तो काही खात नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर काही दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. तो सापडला तर साखरपाणी द्यायला जाऊ नका, आहे तिथं राहू द्या.

सगळे पतंग निरुपद्रवी आहेत असं मी म्हणणार नाही. गुळवेलीवर वाढणारा एक मोठा, पिवळ्या मागच्या पंखांचा पतंग रात्री पिकलेल्या संत्र्या-मोसंबीला सोंड खुपसतो, आणि विदर्भातल्या बागायतदारांना तो चांगलाच माहीत आहे. पण घरच्या परसात तो एखाददुसरा येतो. बाकी हजारोंचा त्याच्याशी संबंध नाही.

दिव्याकडे पतंग का येतात, याचं एक पटण्यासारखं उत्तर २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळालं. वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं, तेव्हा कळलं की उडणारे किडे उजेडाकडे पाठ करतात. आकाश उजळ असतं, म्हणून पाठ उजेडाकडे असली की किडा सरळ उडतो. बल्ब बाजूला आला की तो त्याच्याकडे पाठ करतो, आणि गोल गोल अडकतो. म्हणजे आपल्या दिव्यानं त्यांची दिशाच बिघडते. रात्रभर दारातला दिवा जळत ठेवू नये, तो याच कारणानं.

बघायचेच असतील तर एक जुनी पांढरी चादर दोरीवर टाका, समोर पांढरा दिवा लावा, दोन-तीन तास बसा. चांदणी रात्र नको. ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र हवी. फ्लॅश लागला तर त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर पंखांवरचे खवले पांढरेफटक येतात. चादरीवर फोटो काळपट येतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्या. जवळ एक पट्टी धरून आणखी एक फोटो काढा, आकार कळतो. काही लोक पतंग हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात. ते करू नका. एका फोटोसाठी जिवाला थंडीत गोठवण्याइतका कुठलाच फोटो मोलाचा नाही.

काम झालं की दिवा बंद करा आणि चादर झुडपांवर हलकेच झटका. पहाटेपर्यंत तशीच ठेवली तर पाली असतातच, आणि उजाडताना दयाळ व बुलबुल येऊन सगळे वेचून खातात.

फोटोखाली तीन गोष्टी लिहा. तारीख, गाव, आणि ते कोणत्या झाडावर होतं. झाड विसरू नका, फुलपाखरू ओळखायला बऱ्याचदा तेच उपयोगी पडतं. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतो, बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर पाठवता येतो, आणि तिथं जाणकार नाव सांगतात. सप्टेंबर महिना देशभर २०२० पासून फुलपाखरांची नोंद करण्यासाठी पाळला जातो, तर सुरुवात याच महिन्यात करा. सर्वपित्री अमावास्या जवळ आली आहे. त्या रात्री पाऊस थोडा ओसरला, तर चादर काढून ठेवा.

नमस्कार.