वितीएवढे माकड, वितीएवढा शार्क

बालाघाटच्या डोंगरातील या जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर मुले तलावाच्या गाळातून दोन प्राणी घडवीत आहेत. समुद्र येथून फार दूर आहे. माकडे मात्र रोजच्या ओळखीची, त्यामुळे मुठीत मावणारे हे माकड खरे असते, यावर त्यांचा चटकन विश्वास बसला नाही.

तराजूच्या एका पारड्यात 100 ग्रॅमचे माप आहे, दुसऱ्यात मातीचा पिग्मी मार्मोसेट. जगातील हे सर्वांत लहान माकड पूर्ण वाढल्यावरही साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आतच राहते आणि त्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते.

शाळेमागच्या बाभळीकडे पाहा. कुऱ्हाडीचा घाव बसला तेथे डिंकाचा पिवळसर थेंब फुगून आला आहे आणि त्यात एक मुंगी अडकली आहे. बाभळीला घाव घालावा लागतो तो माणसाने. मार्मोसेट मात्र ॲमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातील झाडांची साल खालच्या दातांनी स्वतःच कोरतो, खोडाला नख्यांनी घट्ट धरून राहतो आणि पाझरलेला डिंक चाटण्यासाठी त्याच छिद्रांकडे पुन्हा पुन्हा येतो. एकेका झाडावर अशी शेकडो छिद्रे आढळतात. बहुधा जुळीच होणारी पिल्ले पाठीवर वागवण्याचे काम पुष्कळदा बाप करतो.

आता गुरुजींची वीत. तिच्यात ड्वार्फ लँटर्नशार्क नाकापासून शेपटीपर्यंत मावतो, कारण 1985 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा शार्क जेमतेम 20 सेंटिमीटरचा असतो. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत तो 900 ते 1,400 फूट खोल राहतो. बोअर हजार फुटांवर गेली तरी धूळच निघालेली या मुलांनी पाहिली आहे, त्यामुळे ती खोली त्यांना समजावून सांगावी लागली नाही. तेथे त्याचे पोट मंद उजळते. वरून झिरपणाऱ्या अंधूक प्रकाशात ते मिसळून जाते आणि खालून पाहणाऱ्या शिकारी माशाला त्याची सावली दिसत नाही. पिल्ले तोही जिवंतच जन्माला घालतो, पण ती उपजताच एकटी असतात.

कोलंबिया हा दोघांचाही देश. तेथे माकडाला जंगलतोड आणि पाळण्यासाठी होणारी पकड भोवते, तर शार्क दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या खोल जाळ्यांत सापडतो.

एका मुलीने शार्कच्या पोटावर खडूचे ठिपके दिले आहेत. दोन्ही प्राणी आता खिडकीत वाळत आहेत.