हात धुतल्यावर पाणी जातं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

प्राथमिक शाळेत पर्यावरणाचं काम म्हटलं की जुलैत रोपं लागतात, प्रभातफेरी निघते, भिंतीवर घोषवाक्य रंगतं. पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपं लावावी लागतात, कारण मधल्या मे महिन्याचा विचार कुणी केलेला नसतो. म्हणून आज बोलायचं आहे ते मुलांना रोज करता येईल अशा कामाबद्दल: पोषण आहारानंतर हात आणि ताटं धुतलेलं पाणी परसबागेला कसं द्यायचं.

सुरुवात मोजण्यापासून करा. नळाच्या मोरीखाली बादली लावून पाच मुलांना नेहमीसारखे हात आणि ताट धुऊ द्या. जमलेलं पाणी लिटरच्या मापानं मोजा आणि पाचनं भागा. समजा मुलामागे २ लिटर निघालं, तर ६० मुलांच्या शाळेत रोजचे १२० लिटर झाले. आता ठिबकणारा नळ शोधा. त्याखाली दहा मिनिटं भांडं ठेवा. ५० मिलिलिटर जमलं तर १४४ नं गुणा, कारण दिवसात दहा-दहा मिनिटांचे १४४ भाग असतात. दिवसाचे ७ लिटर २०० मिलिलिटर! हे गणित चौथीची मुलं स्वतः करतात आणि मग नळाचा वायसर बदलून मिळेपर्यंत गुरुजींना सोडत नाहीत. वायसर काही रुपयांना मिळतो.

आता पाणी वळवायचं. ताट धुण्याआधी उरलेले भाताचे कण वेगळ्या बादलीत झटकायचे, ही पहिली शिस्त. तरी कण येतातच. ते अडवायला मोरीच्या तोंडाशी कांद्याच्या गोणीची जाळी दुहेरी करून बांधा. तिच्याखाली रंगाची रिकामी २० लिटरची बादली, बुडाला बोटभर जाडीची सात-आठ भोकं पाडलेली. बादली आधी घासून स्वच्छ करा, रंगाचा अंश राहू देऊ नका. तळाशी मुठीएवढे दगड, वर खडी, त्यावर बारीक खडी. सगळ्यात वर वाळू घालण्याचा मोह होतो, तो टाळा. तेलकट पाणी वाळूवर थर धरतं, मग पाणी खाली उतरत नाही आणि मोरीतून उलटं बाहेर येतं. पुष्कळ शाळांतली ही व्यवस्था बंद पडते ती इथेच.

बादलीखालून चर किंवा दोन इंची पाइप वाफ्याकडे न्या. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरे. उतार कमी पडला की पाणी वाटेत साचतं, शिळं होतं, वास येतो, डास होतात. डासाची अंडी ते उडणारा डास हा प्रवास साधारण आठवडाभरात पुरा होतो. म्हणून नियम ठेवा: आजचं पाणी आजच मातीत गेलं पाहिजे.

ते जाईल का, हे मातीवर ठरतं. एक फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा घ्या. एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. जांभ्या मातीत ते बघता बघता उतरेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत रात्रभर राहिलं, तर एकाच खड्ड्यात पाणी सोडू नका; लांब चर काढून दोन-तीन वाफ्यांना आळीपाळीनं द्या.

लावायचं काय? केळी, पपई, शेवगा, कडेनं कर्दळ. कोथिंबीर, मुळा, गाजर या पाण्यावर नको, कारण ते कच्चे खाल्ले जातात. त्यांना साधं पाणी द्या. धुण्यासाठी साधा साबण जपून वापरा. कपडे धुण्याची पावडर ताटांना लागली की तिच्यातला क्षार वाफ्यात साठत जातो, माती कडक होते आणि पानांच्या कडा करपतात.

कामाची वाटणी स्पष्ट हवी. जाळी झटकणं चौथी-पाचवीच्या मुलांचं, आळीपाळीनं, काठीनं, आणि नंतर साबणानं हात धुऊनच वर्गात. बादलीतले दगड पंधरा दिवसांनी धुवायचे, ते मात्र मोठ्या माणसानं. पहिली-दुसरीची मुलं रोज पाहतील: पाणी साचलंय का, वास येतोय का. फळ्याच्या कोपऱ्यात हो किंवा नाही लिहितील.

जाळीतले कण आणि भाजीची सालं खताच्या टोपलीत जातात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. ६० मुलांची ३ किलो, म्हणजे सालं रोजच निघतात. ओल्याच्या तिप्पट वाळका पालापाचोळा घाला, वर मूठभर माती टाका. वास आला तर पाला कमी पडलाय, मुंग्या झाल्या तर ओल कमी पडलीय. भात फार झाला तर उंदीर येतात. असा भात शिळा होण्याआधी जनावरांना गेलेला बरा.

आणि आता मे महिना. शाळा बंद झाली की मुलं घरी, म्हणजे हात धुतलेलं पाणीही बंद! बाग ज्यावर जगत होती तेच ऐन उन्हात संपतं. त्यामुळे आखणी मेपासून मागे मोजत करा. भाजीचे वाफे एप्रिलअखेर काढून संपवा, नवी लावू नका. राहतील ती फक्त मोठी झाडं. त्यांच्या आळ्यात चार बोटं जाड पाला पसरा, खोडाला चिकटवू नका. प्रत्येक झाड शाळेजवळच्या एका घराकडे सोपवा, दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या. घरात भांडी विसळलेलं पाणीही चालतं. १ मे रोजी निकाल घ्यायला पालक शाळेत येतात, त्याच वेळी मुलांनी आपल्या झाडाला पाणी कधी द्यायचं ते पालकांना सांगावं आणि चिठ्ठीवर लिहून द्यावं. त्या दिवशी ग्रामसभाही असेल, तर मुलांची मोजणीची वही तिथे वाचून दाखवा. गावातल्या ठिबकणाऱ्या सार्वजनिक नळांची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर असू द्या. ठिकाण, मोजल्याची तारीख आणि दिवसाला किती लिटर, एवढंच.

नमस्कार.